शाळा सुटली तरी शिक्षण सुटू नये

सातपुड्यातून खाली उतरणारी पेंच नदी पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरी येथे धरणाने अडविलेली आहे. तेथील पाणी नागपूर शहराच्या नळांना जाते आणि कालव्यांवाटे शेतांनाही मिळते. तालुक्याच्या उत्तरेस पेंचचे राखीव अरण्य आहे. मधल्या पट्ट्यात धान, कापूस, सोयाबीन, तूर व मिरचीची शेते आणि संत्र्याच्या बागा आहेत. दक्षिणेस कन्हानच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. अरण्य, शेती आणि खाण असे तीन निरनिराळे व्यवसाय जेथे शेजारी शेजारी नांदतात, तेथे कसबी हातांस काम कमी पडण्याचे कारण नाही.

तथापि गावात डोकावून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. ऐन ओलिताच्या दिवसांत विहिरीवरील मोटार जळाली म्हणजे शेतकरी ती दुचाकीवर बांधून शहराची वाट धरतो. मोटार भरून परत येईतो दोन-चार दिवस जातात आणि तोवर मिरचीचे रोप मान टाकते. फवारणीचा पंप बिघडला, ट्रॅक्टरच्या अवजाराचा जोड तुटला, ठिबकच्या नळ्या चोंदल्या, की पुन्हा तीच पायपीट. आणि ज्या चौकातून ही मोटार शहराकडे जाते, त्याच चौकातील पारावर दहावीत अनुत्तीर्ण झालेले दोन-चार तरुण बसलेले असतात. एकीकडे काम हातांची वाट पाहते, दुसरीकडे हात कामाची वाट पाहतात. या दोहोंची गाठ घालून देणारे शिक्षण कोणते आणि ते कशाच्या आधारावर टिकते, हे प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने समजून घेण्याजोगे आहे.

अनुत्तीर्ण म्हणजे निरुपयोगी नव्हे

शाळा मध्येच सोडणारी मुले मंदबुद्धीची असतात, हा समज खरा नाही. ती शाळा का सोडतात हे घरोघरी जाऊन विचारले तर उत्तरे अगदी साधी असतात. कोणाचे वडील आजारी पडले आणि धानाच्या रोवणीला माणूस हवा होता. कोणी कापसाच्या वेचणीत महिनाभर शाळेत गेले नाही आणि मागे पडलेला अभ्यास पुन्हा हाती लागला नाही. कोणाच्या गावी सातवीपुढे वर्ग नव्हते आणि मुलीस एस.टी.ने रोज परगावी पाठविण्यास घरचे धजावले नाहीत. अरण्याच्या कडेच्या गावांतील एखाद्या मुलाच्या घरी गोंडी बोलली जाते. पुस्तकातील मराठी त्यास परकी वाटते आणि इंग्रजी तर त्याहून परकी. इंग्रजी व गणित या दोन विषयांच्या उंबरठ्यावरच पुष्कळांचे शिक्षण संपते.

हाच मुलगा औत धरतो, सायकल खोलून पुन्हा जोडतो, बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखतो. त्याची बुद्धी हातांवाटे चालते. शाळेने त्याच्या हातांना काही विचारलेच नाही, एवढाच त्याचा दोष. अशा मुलास पुन्हा त्याच बाकावर बसवून तेच पुस्तक त्याच पद्धतीने शिकविल्यास पहिल्याहून निराळे फळ मिळण्याची आशा करता येत नाही. त्यास शिकविण्याची रीतच बदलावी लागते.

कल्पना जुनीच आहे

अशा रीतीचा विचार अनेक देशांत झालेला आहे. डेन्मार्कमध्ये १८४४ साली शेतकऱ्यांच्या प्रौढ मुलांसाठी पहिले लोकविद्यालय निघाले. तेथे शिकण्यास परीक्षेची अट नव्हती. अमेरिकेत १९०१ साली जोलिएट या गावी दोन वर्षांचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले. घराजवळ राहून, काम सांभाळून, थोड्या खर्चात एखादे कसब वा पुढील शिक्षणाची पहिली पायरी मिळावी, हा तेथील अशा महाविद्यालयांचा हेतू होय.

विदर्भासही ही कल्पना नवी नाही. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण ही योजना देशापुढे ठेवली आणि सेवाग्राम हे नई तालीमचे केंद्र झाले. १९५६ साली केंद्र शासनाने देशात ज्या ग्रामीण उच्च शिक्षणसंस्था मान्य केल्या, त्यांत अमरावतीचे श्री शिवाजी लोकविद्यापीठ आणि कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीचे मौनी विद्यापीठ यांचा समावेश होता. या सर्व प्रयत्नांच्या मागचा विचार हाच की, शिक्षणाने मुलास गावापासून तोडू नये, तर गावाच्या उपयोगी पाडावे.

पाबळची शाळा

महाराष्ट्रात या विचाराचे आजचे एक ठळक उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रम होय. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) यांनी तो १९८३ साली स्थापन केला. कलबाग यांनी अमेरिकेत अन्नतंत्र या विषयात डॉक्टरेट मिळविली होती आणि मुंबईतील एका मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात पुष्कळ वर्षे काम केले होते. ती नोकरी संपल्यावर त्यांनी मुद्दाम कमी पावसाचे, साधनांची वाण असलेले गाव निवडले. येथे जे साधेल ते इतरत्रही साधू शकेल, असा त्यामागे हिशेब होता. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र म्हणून आश्रमाचे काम सुरू झाले.

शाळा मध्येच सुटलेल्या ग्रामीण मुलामुलींसाठी येथे मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम चालतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची त्यास मान्यता मिळालेली आहे. अभ्यासक्रमाचे चार विभाग आहेत. अभियांत्रिकी विभागात वेल्डिंग, सुतारकाम व बांधकाम. ऊर्जा व पर्यावरण विभागात घरातील वीजजोडणी, मोटार, सौर साधने व गोबरगॅस. शेती व पशुपालन विभागात रोपवाटिका, मातीची तपासणी, शेळ्या-कोंबड्यांचे संगोपन. आणि गृह व आरोग्य विभागात खाद्यपदार्थ टिकविणे, शिवणकाम व रक्तातील हिमोग्लोबिनसारख्या साध्या तपासण्या शिकविल्या जातात. मुलामुलींचे काम वेगळे न पाडता चारही विभाग सर्वांना शिकावे लागतात. खेड्यात एकाच कसबावर वर्षभर पोट भरत नाही. पावसाळ्यात वेल्डिंगचे काम मंदावले तर वीजजोडणी किंवा रोपवाटिका हाताशी असावी, हा त्यामागील व्यवहार आहे.

शिकविण्याची रीत याहूनही लक्षात घेण्याजोगी आहे. विद्यार्थी जी वस्तू बनवितो, ती गिऱ्हाइकासाठी असते. कोणास फाटक हवे असते, कोणास पाण्याची टाकी, कोणास गोठ्याचे छप्पर. विद्यार्थी प्रथम त्याचा आराखडा कागदावर काढतो, किती लोखंड वा सिमेंट लागेल याचा हिशेब मांडतो, मग काम करतो आणि अखेरीस प्रत्यक्ष खर्च अंदाजाशी ताडून पाहतो. फाटक तिरपे झाले तर गिऱ्हाईक ते परत करते; गुण कापले जाण्यापेक्षा हा धडा अधिक पक्का बसतो. ज्या मुलास वहीतील त्रैराशिक कधी उमगले नाही, त्यास लोखंडी पट्टीचे वजन व भाव काढताना ते सहज उमगते. गणित तेच असते, फक्त त्याचे प्रयोजन आता त्याच्या डोळ्यांपुढे असते.

या कामातून गावोपयोगी वस्तूही निर्माण झाल्या. त्रिकोणी सांगाड्यांची घुमटाकार घरे त्यांपैकी एक होय. १९९३ साली लातूर-धाराशिव भागात भूकंप झाल्यावर अशी घुमटघरे तेथे उभारण्यात आली. पुढे हीच शिक्षणपद्धती शाळांमध्येही नेण्यात आली. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस या चार विभागांचे काम शिकविले जाते आणि गावातील कसबी तरुण त्यांचे निदेशक होतात. म्हणजे जी मुले पुढे शाळा सोडतील अशी भीती असते, त्यांना शाळेतच हातांच्या कामाची गोडी लागावी, असा हा प्रयत्न आहे.

शिक्षण टिकते ते आधारावर

पाबळसारख्या संस्थेचा अभ्यासक्रम पाहून पुष्कळजण प्रभावित होतात आणि तसाच तक्ता आपल्याकडे लावला की काम झाले असे मानतात. येथेच चूक होते. शाळा एकदा सुटलेला मुलगा दुसऱ्यांदाही सहज सोडतो. त्याला धरून ठेवणाऱ्या गोष्टी अभ्यासक्रमाच्या बाहेर असतात.

पहिली गोष्ट राहण्याची व जेवणाची. रोज वीस-पंचवीस किलोमीटर येणे-जाणे करून कोणी वर्षभर शिकेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. दुसरी गोष्ट मिळकतीची. घरी मजुरी आणणारा हात शिकावयास गेला तर घरची चूल मंदावते. म्हणून शिकत असता चार पैसे मिळण्याची सोय असली तरच गरिबाचे मूल टिकते. तिसरी गोष्ट मानाची. आपण अनुत्तीर्ण आहोत ही लाज घेऊन आलेल्या मुलास पहिल्याच आठवड्यात हाताने काही तरी नीट करून दाखविता आले पाहिजे. चौथी गोष्ट प्रमाणपत्राची. ते हाती नसल्यास बँक व कार्यालये त्यास ओळखत नाहीत. आणि पाचवी, बहुधा सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे शिक्षण संपल्यावरचे पहिले वर्ष. अवजारे नाहीत, भांडवल नाही, गिऱ्हाईक विश्वास ठेवीत नाही. या वर्षात पाठीशी कोणी नसल्यास शिकलेला तरुण पुन्हा पारावर येऊन बसतो आणि गाव म्हणते, ‘शिकून काय झाले?’

एका मोटारीचा धडा

शिकलेल्या हाताची किंमत काय, हे जळालेल्या मोटारीच्या उदाहरणावरून कळेल. शेतपंपाची मोटार तीन फेजवर चालते. वाऱ्यापावसाने वा फ्यूज गेल्याने एक फेज बंद पडला, तरी चालू असलेली मोटार बहुधा थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर सगळा भार पडतो, त्यांतून जास्त विद्युत्प्रवाह वाहतो, तारा तापतात आणि त्यांवरील आवरण जळते. पुष्कळ ठिकाणी तर शेतकरी कंडेन्सर लावून मुद्दाम दोन फेजवर मोटार चालवितात. विजेचा दाब कमी असताना मोटार चालविली, किंवा विहिरीचे पाणी तळाला गेले असता पाणबुडी मोटार कोरडी फिरली, तरीही परिणाम तोच.

न शिकलेला मिस्त्री मोटार भरून देतो आणि पंधरा दिवसांनी ती पुन्हा जळते. शिकलेला तरुण आधी ती का जळाली हे पाहतो. स्टार्टरमधील जादा भार तोडणारी कळ मोटारीच्या ताकदीप्रमाणे बसविली आहे की नाही हे तपासतो. एक फेज जाताच मोटार बंद करणारे साधन बसवितो. अर्थिंग नीट करतो. मोटार भरण्याच्या खर्चाच्या मानाने या साधनाचा खर्च थोडा असतो. गावात असा एक हात तयार झाला तर दरवर्षी कित्येक मोटारी जळण्यापासून वाचतील, ओलित वाचेल आणि त्या तरुणासही गावातच मिळकत होईल.

संत्र्याच्या रोपांचेही तसेच आहे. जंबेरी खुंटावर डोळा जमिनीपासून निदान एक वीत उंच भरला, तर मातीतील बुरशी कलमाच्या जोडापर्यंत सहसा पोहोचत नाही आणि डिंक्या रोगाचा धोका कमी होतो. डोळा खाली भरलेले स्वस्त रोप आणून लावणारा बागाईतदार आठ-दहा वर्षांनी पस्तावतो. कलम भरण्याचे कसब आणि त्यामागचे कारण जाणणारा गावचाच मुलगा किंवा मुलगी हा धोका टाळू शकते.

पारशिवनीच्या तरुणास जवळची दारे

पाबळ पारशिवनीहून सुमारे ७०० किलोमीटर दूर आहे. एखाद-दुसरा धाडसी तरुण तेथवर जाईल. सर्वांना तो मार्ग नाही. तथापि जवळही अनेक दारे आहेत. ती एका छपराखाली नसल्यामुळे गावकऱ्यांस ठाऊक नसतात, एवढेच.

ज्याची दहावी राहिली आहे, त्यास दोन वाटा आहेत. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसता येते. किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत नाव घालून पाच वर्षांत नऊ संधींत एकेक विषय सोडवून परीक्षा पूर्ण करता येते. एका वेळी एकच विषय घेण्याची ही सवलत शेतात राबणाऱ्या मुलास विशेष सोयीची आहे.

ज्यास कसब शिकावयाचे आहे, त्याने शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे वळावे. तेथील काही व्यवसायांना दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थीही घेतले जातात, हे फार थोड्यांना माहीत असते. दहावी उत्तीर्ण झालेल्या व शेतीचे रीतसर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी कृषी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या विद्यालयांतून पदविका अभ्यासक्रम आहेत. थोड्या दिवसांचे प्रशिक्षण हवे असल्यास नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे कृषी विज्ञान केंद्र आणि संत्र्यासाठी तेथीलच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था जवळ आहे.

अठरा वर्षांवरील तरुण-तरुणींसाठी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालविली जाते. तेथील प्रशिक्षण, राहणे व जेवण विनामूल्य असते आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करण्याची पद्धत आहे. वर सांगितलेल्या पहिल्या व पाचव्या आधाराची ही सोय ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्यास काम करता करता पुढे शिकावयाचे आहे, त्याच्यासाठी १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. शेतीविषयक शिक्षणासही तेथे सुरुवातीपासून स्थान आहे.

ग्रामकार्यकर्त्याचे काम

ही दारे उघडी असूनही पारावरचा तरुण तेथवर पोहोचत नाही, कारण त्याच्या आणि दारांच्या मध्ये कागद, अंतर आणि संकोच या तीन गोष्टी उभ्या असतात. त्या दूर करणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम होय. त्याने पुढील क्रमाने जावे.

१. गावातील चौदा ते तीस वयाच्या, शाळा सुटलेल्या मुलामुलींची यादी करावी. नावासमोर कोणत्या इयत्तेत व कोणत्या कारणाने शाळा सुटली आणि हातात कोणते काम येते, हे लिहावे. अनुत्तीर्ण असा शेरा लिहू नये.

२. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला व बँकेचे पासबुक हे कागद उन्हाळ्यातच गोळा करवून घ्यावेत. प्रवेशाची मुदत संपता संपता दाखल्यासाठी धावपळ केल्याने वर्ष वाया जाते.

३. थोड्या दिवसांचे प्रशिक्षण धानाच्या रोवणीत किंवा कापसाच्या भर वेचणीत ठरवू नये. घरच्या कामाशी झगडा उभा राहील असे वेळापत्रक गरिबास परवडत नाही.

४. पहिल्या दिवशी मुलाबरोबर स्वतः जावे. मुलींच्या बाबतीत आईलाही बरोबर न्यावे व राहण्याची जागा दाखवावी. २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे पडते, हेही घरी सांगावे. दोघी-तिघी मैत्रिणी मिळून गेल्या तर त्या टिकतात. एकटी मुलगी बहुधा परत येते.

५. प्रशिक्षण संपल्यावर अवजारांचा पहिला संच कसा मिळेल याचा विचार प्रशिक्षण चालू असतानाच करावा आणि कर्जाचा अर्ज घेऊन तरुणाबरोबर बँकेत जावे.

६. पहिली गिऱ्हाइके गावानेच द्यावीत. ग्रामपंचायतीचा नळपंप, शाळेचे फाटक, अंगणवाडीची वीजजोडणी ही लहानसहान कामे नियमात बसत असतील तेथे गावच्या शिकलेल्या तरुणास द्यावीत. गावाने विश्वास ठेवला तर परगावचा शेतकरीही ठेवील.

शेतकरी बंधू-भगिनींनीही एक गोष्ट मनावर घ्यावी. घरातील मुलगा वा मुलगी दहावीत अडखळली म्हणजे तिचे शिक्षण संपले असे मानू नये. एक कणीस पोचट निघाले म्हणून कोणी वावर पडीत टाकीत नाही. बी बदलतो, वेळ बदलतो आणि पुढल्या हंगामात पुन्हा पेरतो. मुलांच्या बाबतीतही तोच धीर धरावयास हवा.

येत्या उन्हाळ्यात पारशिवनी तालुक्यातील प्रत्येक गावाने आपल्या पारावरील एका मुलास आणि घरात बसलेल्या एका मुलीस यांपैकी एका दारापर्यंत पोहोचवावे. दोनच नावे म्हणजे फार मोठे काम नव्हे. परंतु पुढील ओलिताच्या हंगामात मोटार बंद पडेल, तेव्हा शहराची वाट धरण्यापूर्वी शेतकऱ्याला हाक मारण्यास गावातच कोणी तरी असेल.